एसटीच्या तिकिटात चढ-उताराचा डोस

मधुमेह, रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल यांपैकी काहीही निघाले, की औषधांच्या कागदाच्या तळाशी एक ओळ हमखास येते : ‘रोज चालणे’. गोळ्यांची नावे वाचता येत नाहीत, पण ही ओळ सगळ्यांना वाचता येते. आणि सगळ्यात कमी पाळली जाते तीही हीच. भिवंडीसारख्या गावात तर ती पाळायची कुठे, हा खरा प्रश्न असतो. जुन्या आग्रा रोडवर टेम्पो आणि ट्रकची रांग, पदपथ असलाच तर त्यावर दुकान, हवेत कापसाचे तंतू आणि रस्त्याची धूळ. सकाळी सहाला उत्साहाने निघालेला माणूस आठवडाभरात पुन्हा पांघरुणात शिरतो, तेव्हा दोष फक्त त्याच्या आळसाचा नसतो.

या गावातल्या कामाचे स्वरूपही समजून घ्यावे लागते. यंत्रमागावर बारा-बारा तास उभा राहणारा कामगार दमतो भरपूर, पण त्याचे चालणे दोन मागांमधल्या अरुंद बोळात चार पावले इकडे, चार पावले तिकडे एवढेच असते. त्यात हृदयाची गती काही वेळ सलग वाढून मग शांत होण्याची संधी मिळत नाही. पाय सुजतात, कंबर धरते, व्यायाम मात्र होत नाही. कामावरचे श्रम आणि प्रकृतीला उपकारक व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आता अनेक देशांतल्या पाहण्यांतून दिसले आहे. मागाच्या मालकाचे, गोदामातल्या कारकुनाचे आणि दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या दुकानदाराचे दुखणे उलटे : त्यांना उभे राहण्याचेही श्रम नाहीत.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. या दुसऱ्या गटाला औषधांपेक्षा पायांचा उपयोग जास्त. मग चालायचे कुठे? भिवंडीपुरते उत्तर गावाच्या वेशीपलीकडे आहे. उत्तरेला आणि पूर्वेला सह्याद्रीच्या तुटक रांगा, तानसा-वैतरणेचे खोरे, धरणांचे तलाव, गडकिल्ले, लेणी. आणि तिथल्या फाट्यांपर्यंत नेणारी एसटीची लाल गाडी. आठवड्यातून एकदा तिचे तिकीट काढणे हा प्रकृतीसाठी केलेला अगदी स्वस्त खर्च आहे. मात्र हेही औषधच असल्याने त्याची मात्रा चुकवून चालत नाही.

बसमधले दोघे : एक बसलेला, एक चालणारा

व्यायाम आणि हृदयविकार यांचा संबंध पहिल्यांदा ठळकपणे दिसला तोही बसमध्येच. लंडनमधील डॉक्टर जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दुमजली बसच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. १९५३ मध्ये तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. चालक आणि वाहक एकाच बसमध्ये, एकाच शहरात, साधारण सारख्याच घरांतून येऊन काम करत. तरीही चालकांना हृदयविकार जास्त होत होता आणि झाला तर तो अधिक घातक ठरत होता. फरक एकच : चालक दिवसभर बसलेला, आणि वाहक तिकिटे देताना दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढत-उतरत असे.

त्या काळी हृदयविकाराला बैठे काम कारणीभूत असेल, हे अनेकांना पटत नव्हते. आज ते गृहीत धरले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, आणि त्याखेरीज दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. डोंगरवाटेचे विशेष हे, की तिथे दोन्ही गोष्टी एकत्र होतात. सपाट रस्त्यावर चालताना शरीराला जी ऊर्जा लागते, तिच्या साधारण दुप्पट ऊर्जा चढावर लागते. शिवाय मांड्या, पोटऱ्या आणि नितंब यांच्या मोठ्या स्नायूंना वजन उचलल्यासारखे काम पडते.

चढाचा गुण वेगळा, उताराचा वेगळा

चढणे म्हणजे व्यायाम आणि उतरणे म्हणजे विश्रांती, असा सर्वसाधारण समज आहे. ऑस्ट्रियातील डॉक्टर हाइन्झ ड्रेक्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तपासून पाहिला. आल्प्स पर्वतातल्या एका वाटेवर त्यांनी बैठ्या सवयीच्या निरोगी लोकांना दोन महिने फक्त चढायला लावले. उतरताना त्यांना रोपवेत बसवले. पुढचे दोन महिने उलट : रोपवेने वर जायचे आणि पायी उतरायचे. २००४ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. वाईट कोलेस्टेरॉल दोन्ही प्रकारांत कमी झाले. रक्तातले ट्रायग्लिसराइड नावाचे मेद चढण्याने सुधारले. आणि साखर पचवण्याची शक्ती सुधारली ती उतरण्याने.

यामागचे कारण स्नायूंत आहे. आकुंचन पावणारा स्नायू रक्तातली साखर आत घेण्यासाठी आपली दारे उघडतो, आणि त्यासाठी त्याला दर वेळी इन्शुलिनची किल्ली लागत नाही. म्हणून इन्शुलिनला दाद न देणाऱ्या शरीरातही चालण्याने साखर उतरते, आणि हा परिणाम पुढे एक-दोन दिवस टिकू शकतो. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूला आणखी एक काम असते. शरीराचा तोल पुढे जाऊ नये म्हणून तो ताणला जात असतानाच ब्रेकसारखा धरून ठेवावा लागतो. या कामात दम फारसा लागत नाही, पण स्नायूवर ताण भरपूर येतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या भरून येतात त्या यामुळेच. ही दुखापत नव्हे. दोन-तीन दिवसांत ती जाते आणि पुढच्या वेळी कमी होते.

गुडघ्याचे मात्र वेगळे आहे. उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. गुडघेदुखी असणाऱ्याने उतार पूर्ण टाळावा असे नाही. पावले लहान टाकावीत, गुडघा किंचित वाकलेला ठेवावा आणि हातात काठी घ्यावी. बांबूची साधी काठीही गुडघ्यावरचा भार हलका करते आणि घसरण्यापासून वाचवते. गुडघ्याला सूज येत असेल, तो अडकत असेल किंवा मध्येच दगा देत असेल, तर आधी तपासणी, मग डोंगर.

आधी स्वतःची परीक्षा

वर्षभर खुर्चीत बसायचे आणि एखाद्या रविवारी मित्रांच्या आग्रहाने थेट गड गाठायचा, हा प्रकार हृदयाला महागात पडू शकतो. अमेरिकेत हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. जोरकस श्रमांनंतरच्या तासाभरात झटक्याचा धोका किती वाढतो, हे त्यात मोजले होते. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांत तो सुमारे अडीच पट वाढला होता. क्वचितच अंग हलवणाऱ्यांत तब्बल शंभर पटींहून जास्त. एका तासापुरता प्रत्यक्ष धोका तसा कमीच असतो, हे खरे. तरीही श्रम तेच असताना त्यांची किंमत सवय नसलेल्या हृदयाला अधिक मोजावी लागते, एवढे या आकड्यांतून स्पष्ट होते.

म्हणून गडाआधी जिना. चार मजल्यांच्या, म्हणजे सुमारे साठ पायऱ्या न थांबता, न धावता, कठड्याला न लटकता दीड मिनिटाच्या आत चढता आल्या, तर सोप्या डोंगरवाटेला सुरुवात करायला हरकत नाही. त्यापेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर आधी काही आठवडे सपाटीवर चालावे. चढताना छातीत दाब, जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, डोळ्यांपुढे अंधारी किंवा प्रमाणाबाहेर दम जाणवला, तर तिथेच थांबून डॉक्टरांना गाठावे. आधीपासून असा त्रास असणाऱ्याने ही परीक्षा स्वतःहून करूच नये.

‘माझा ईसीजी नॉर्मल आहे’ हे वाक्य अनेकांना धीर देते. पण पडून काढलेला ईसीजी विश्रांतीतल्या हृदयाचे चित्र दाखवतो. श्रमात त्याचे काय होते, हे त्यातून कळेलच असे नाही. चाळिशी ओलांडलेले मधुमेही, तंबाखू किंवा विडी-सिगारेट घेणारे, रक्तदाबाचे रुग्ण, घरात कमी वयात हृदयविकार झालेला असलेले, स्टेंट बसवलेले किंवा बायपास झालेले या सगळ्यांनी चढाच्या वाटेला लागण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहात छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. अशा वेळी नुसता दम लागणे किंवा अचानक घाम फुटणे हीच खूण असते.

वाटेवर वेग ठरवण्याचे माप सोपे आहे. चालता चालता सोबत्याशी बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, तो वेग योग्य. एक वाक्यही पुरे करता येत नसेल, तर थांबावे.

भिवंडी आगारातून पाच पायऱ्या

पहिली पायरी गावातलीच. कामतघरचा वऱ्हाळदेवी तलाव हा भिवंडीकरांचा जुना विसावा. बस, डोंगर, तयारी काहीच लागत नाही. ज्यांची सवय पूर्ण सुटली आहे, त्यांनी महिनाभर इथेच आठवड्यातून चार-पाच दिवस वीस ते तीस मिनिटे चालावे. पाण्याकाठी चालण्याचा आणखी एक लाभ मागाजवळ राहणाऱ्यांना होतो. ८५ डेसिबलपेक्षा मोठा आवाज रोज आठ तास कानावर पडत राहिला, तर श्रवणशक्ती हळूहळू जाते. चालू मागांच्या शेडमधला आवाज ही मर्यादा सहज ओलांडतो. तासभराच्या शांततेने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, पण शिणलेल्या कानाला आणि मेंदूला उसंत नक्की मिळते.

दुसरी पायरी लोणाड. भिवंडी तालुक्यातल्याच या गावात शिलाहारकालीन शिवमंदिराचे कोरीव अवशेष आहेत, आणि जवळच्या टेकडीत लेणे आहे. लेण्यापर्यंतचा चढ दहा-पंधरा मिनिटांचा; दोनदा चढून-उतरून आले तरी अर्धा तास होतो. चढाची पहिली चव घ्यायला, आजी-आजोबांना आणि मुलांना एकत्र न्यायला ही जागा चांगली. गाडी कोणत्या फाट्यावर सोडते आणि परत किती वाजता मिळते, हे चौकशी खिडकीवर विचारूनच निघावे.

तिसरी पायरी वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी. भिवंडीपासून अंबाडीमार्गे पंचवीसेक किलोमीटर. वसईच्या १७३९ मधल्या विजयानंतर चिमाजी अप्पांच्या नवसाचे म्हणून ओळखले जाणारे देवीचे मंदिर थोड्या उंचीवर आहे. तिथे जाणाऱ्या दगडी पायऱ्या हा छोटा पण खरा व्यायाम. तिथून तानसा नदीच्या परिसरातून अकलोली आणि गणेशपुरीची कुंडे पायी करता येतात. जाऊन-येऊन दीड-दोन तासांचे बहुतांश सपाट चालणे होते. या कुंडांखाली ज्वालामुखी धुमसतो आहे, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात जमिनीत खोल मुरलेले पाणी तिथल्या उष्णतेने तापते आणि खडकातल्या भेगांवाटे वर येते. पालघरपासून रत्नागिरीपर्यंत कोकणात असे झरे ओळीने आहेत.

इथे मधुमेहींना एक महत्त्वाची सूचना. मधुमेह जुना झाला की तळपायांची संवेदना कमी होते. अशा पायांना पाणी किती कढत आहे ते कळत नाही. फोड आल्यावरच कळते, आणि तो फोड पुढे चिघळणाऱ्या जखमेत बदलतो. कुंडात पाय घालण्यापूर्वी पाणी हाताच्या कोपराने पाहावे किंवा सोबतच्या माणसाला पाहायला सांगावे. अनवाणी फिरू नये. रक्तदाबाच्या आणि हृदयविकाराच्या रुग्णांनी दमून आल्याबरोबर कढत पाण्यात उतरू नये. रक्तदाब एकदम घसरून चक्कर येते.

चौथी पायरी तानसाचे खोरे. मुंबईला पाणी पुरवणारे तानसा धरण १८९२ चे. त्याच्या भोवतीचे जंगल १९७० पासून अभयारण्य आहे. नामशेष होण्याच्या मार्गावर असलेला रानपिंगळा २०१४ मध्ये इथे आढळला, तेव्हा पक्षीअभ्यासकांत मोठी चर्चा झाली. तलावाच्या परिसरात कुठेही शिरण्याची मुभा नाही. वनखाते आणि मुंबई महापालिका यांच्या परवानगीचे नियम पाळूनच जावे. नाशिक महामार्गावरच्या आटगावपासून तानसाकडे रस्ता जातो. सागाच्या सावलीतले हे चालणे लांब पल्ल्याचे पण चढ कमी असलेले, म्हणून दमाची तयारी करायला उत्तम. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१५ मधल्या एका प्रयोगात काही जणांना नव्वद मिनिटे झाडांमध्ये आणि काही जणांना वाहत्या रस्त्याकडेने चालवले होते. झाडांमध्ये चाललेल्यांच्या मनात तेच ते विचार घोळणे कमी झाले. रस्त्याकडेच्या गटात तसा फरक दिसला नाही.

पाचवी पायरी गडांची, आणि ती तीन-चार महिन्यांच्या तयारीनंतरच. भिवंडीला सर्वांत जवळचा डोंगरी किल्ला गुमतारा, दुगाड गावाच्या डोक्यावर. अंबाडीकडे जाणाऱ्या गाडीने दुगाड फाट्यावर उतरावे. डिसेंबर १७८० मध्ये मराठे आणि इंग्रज यांची लढाई याच दुगाडजवळ झाली आणि मराठ्यांचे सेनानी रामचंद्र गणेश तिथे पडले. वाट झाडीची, फाटे फुटणारी आणि फसवी आहे. गावातला वाटाड्या घेतल्याशिवाय जाऊ नये. दुसरा कोहोज. भिवंडीहून वाडा आणि तिथून मनोरकडे जाणाऱ्या गाडीने वाघोट्याला उतरले, की पायथ्याशी धरणाचा तलाव आणि वर वाऱ्या-पावसाने कोरलेले माणसाच्या आकाराचे सुळके. तलाव आणि डोंगर एकाच वाटेत भेटणारी ही जागा आहे. तिसरा माहुली. आसनगावजवळच्या या किल्ल्यात १६३६ साली शहाजीराजांना मोगल आणि आदिलशाही फौजांनी वेढले होते. चढाई दोन-तीन तासांची, शेवटी लोखंडी शिडी. जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या उंच किल्ल्यांपैकी हा एक, आणि या यादीतला सर्वांत कठीण.

एसटीने जाण्याचा वैद्यकीय फायदा

स्वतःच्या गाडीने गेले की माणूस पायथ्याला अगदी चिकटून गाडी लावतो. एसटी फाट्यावर सोडते. फाट्यापासून पायथ्यापर्यंतचे दोन-चार किलोमीटर हे खरे तर शरीर तापवण्याचे चालणे असते, आणि परत येताना तेच शरीर निववण्याचे होते. चढ सुरू करण्याआधी आणि उतार संपल्यावर दहा-पंधरा मिनिटे संथ चालावे, हा नियम आपोआप पाळला जातो. दमलेल्या, झोपाळलेल्या माणसाला घाटरस्त्यावर किंवा कंटेनरच्या गर्दीत गाडी चालवावी लागत नाही, हा त्याहून मोठा फायदा.

राज्यात पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली. आज ७५ वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे तिकीट आहे. घरातल्या बाईच्या व्यायामासाठी पैसे आणि वेळ दोन्ही शेवटी उरतात, हे लक्षात घेतले तर या सवलतीचे मोल कळेल.

वेळापत्रकाचे मात्र भान हवे. गावाकडून सकाळी लवकर निघणारी मुक्कामी गाडी, दुपारची एखादी फेरी आणि संध्याकाळची शेवटची गाडी, एवढ्यावरच काही फाटे चालतात, आणि सुट्टीच्या दिवशी फेऱ्या बदलतात. शेवटच्या गाडीच्या भरवशावर चढाई आखू नये. तिच्या आधीची गाडी पकडायची, असेच ठरवावे. अर्धा वेळ संपला की जिथे असाल तिथून परत फिरावे, माथा आला असो वा नसो. गाडी चुकेल म्हणून उतारावर धावणारा माणूसच पाय मोडून घेतो.

पाणी, ऊन, साप आणि ताप

या भागात डोंगरासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. मार्चपासून ऊन तापते आणि त्यात समुद्राकडची दमट हवा मिसळते. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत खाली उतरता येईल, तेवढेच चढावे. चढताना ताशी साधारण अर्धा लिटर पाणी घोट-घोट प्यावे. लांब चालीत नुसते पाणी पीत राहिले तर रक्तातले मीठ पातळ होते, म्हणून सोबत ओआरएस किंवा लिंबू-मीठ-साखरेचे पाणी असावे. पाण्यावर बंधन असलेल्या मूत्रपिंडाच्या आणि हृदयाच्या रुग्णांनी प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागला, अंग तापले, तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात समजावा. सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

पावसाळ्यात डोंगर सर्वांत देखणा, आणि सर्वांत घातकही. धरणाचा तलाव आणि पोहण्याचा तलाव यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. काठ निसरडा, तळाशी गाळ, झाडांची खोडे आणि एकदम खोल जाणारा उतार असल्याने पट्टीचा पोहणारा माणूसही अडकतो. दर पावसाळ्यात तरुण मुलांचे जीव जातात ते बहुधा अशाच ठिकाणी. जिल्हा प्रशासन त्या दिवसांत धबधबे आणि तलावांवर बंदीचे आदेश काढते, ते पाळावेत. पाण्यात उतरायचेच नाही, हे घरून निघतानाच ठरवून टाकावे.

साचलेल्या पाण्यातून, चिखलातून चालल्यावर पायांना जखमा असतील, तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. जनावरांच्या आणि उंदीर-घुशींच्या मूत्रातून हे जंतू पाण्यात येतात. सहलीनंतर एक-दोन आठवड्यांत थंडी वाजून ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळे लाल अशी लक्षणे दिसली, तर डॉक्टरांना ‘चिखलातून चाललो होतो’ हे आवर्जून सांगावे. ती एक माहिती उपचार लवकर सुरू करायला पुरेशी ठरते.

साप चावल्यास अंगठ्या, घड्याळ, बूट काढावेत, चावलेला अवयव हलू न देता माणसाला उचलून खाली आणावे आणि थेट रुग्णालय गाठावे. घट्ट दोरी बांधणे, चिरणे, चोखणे, मांत्रिकाकडे नेणे यांत वेळ जातो आणि वेळेबरोबर जीवही जातो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच प्रतिविष चालते आणि सरकारी रुग्णालयात ते मोफत मिळते. विंचवाच्या दंशालाही क्षुल्लक समजू नये. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून देईपर्यंत कोकणात लाल विंचवाच्या दंशाने अनेक मुले दगावत. आज तो जीव वाचतो, पण वेळेत पोहोचले तरच.

मधुमेहाच्या रुग्णांसाठी आणखी थोडे. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर चढाईत, आणि कधी त्याच रात्री झोपेतही, खाली जाऊ शकते. डोसमध्ये बदल हवा का, हे आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारावे. उपाशी निघू नये. खिशात ग्लुकोजची पूड किंवा साखर असावी, आणि ती का आहे हे सोबत्याला माहीत असावे. हातपाय थरथरणे, घाम, चिडचिड, भूक यांपैकी काही जाणवले की आधी साखर खावी, मग मोजावी. घरी आल्यावर दोन्ही तळपाय उजेडात नीट पाहावेत.

आता हिशेब. आठवड्यात चार दिवस तलावाकाठी अर्धा तास म्हणजे १२० मिनिटे झाली. पंधरा दिवसांतून एकदा एसटीने जाऊन दोन तासांची डोंगरवाट केली, तर आठवड्याची सरासरी १८० वर जाते. जागतिक आरोग्य संघटनेचे किमान माप ओलांडले जाते. पहिला महिना वऱ्हाळदेवी, दुसरा लोणाड आणि वज्रेश्वरी, तिसरा-चौथा तानसाच्या बाजूचा, आणि हिवाळा संपायच्या आत गुमतारा किंवा कोहोज. ज्याला पहिल्याच पायरीवर समाधान वाटते, त्याने तिथेच राहावे. त्याच्या हृदयाला गड आणि तलाव यांतला फरक फारसा महत्त्वाचा नाही, सातत्य मात्र महत्त्वाचे आहे. येत्या रविवारी आगाराच्या चौकशी खिडकीवर वज्रेश्वरीच्या गाड्यांची वेळ विचारण्यापासून सुरुवात करता येईल.